केरू चिताऱ्याची भिंत

अमावस्या-पौर्णिमेला चंद्रावती बाजारात नसायची. पेणच्या मासळीबाजारात तिचा ओटा अगदी कडेला, बर्फवाल्याच्या शेजारी. बाकीचे दिवस ती तिथं पाय दुमडून बसलेली असे. पुढ्यात कोलंबी, चिवणी, निवट्या आणि नशिबात असलं तर एखादा जिताडा. पण या दोन दिवशी ओटा रिकामा. एखाद्या नव्या गिऱ्हाइकानं चौकशी केली की शेजारची मैना हसून म्हणायची, "ती गेली भिंतीला भेटाया."

थट्टाच ती, पण खोटी नव्हती.

चंद्रावतीचं गाव शिंपीखार. पेणहून खाडीकडे उतरत गेलं की डांबरी रस्ता जिथं संपतो तिथं. खारजमिनीचं गाव म्हणजे बांधाच्या भरवशावरचं गाव. बाहेर खाडी, मध्ये मातीचा बांध, आत भात. तिचा मुलगा प्रविण दहावीला होता त्या पावसाळ्यात हा बांध फुटला. पूर्वी बांधाला खांड पडली की अख्खं गाव उतरायचं आणि चिखलाच्या पाट्या टाकून ती बुजवायचं. या वेळी तरणी माणसं कंपनीत शिफ्टला होती आणि म्हातारी काठावर उभी होती. सरकारी माणसं आली, टेप लावून मोजून गेली. पुढच्या वर्षी शेतांत तिवरं, खाडीकाठची खारी झुडपं, उगवली. तिवर तोडायला बंदी, आणि तिवर तोडल्याशिवाय बांध घालता येत नाही. तिथं जे अडकलं ते अडकलंच. भातात खारं पाणी खेळायला लागलं. लोकांनी घरांची दारं-खिडक्या काढून नेली. कोणी माळावर नव्या वस्तीत गेलं, कोणी पेणला भाड्याच्या खोलीत. मारुतीलाही माळावर नेलं. तिथं त्याला टाइल्सचं देऊळ मिळालं, घुमट मिळाला, स्टीलचं रेलिंग मिळालं.

जुनं देऊळ खालीच राहिलं. आत देव नव्हता, पण उजव्या हाताची भिंत होती. अवसे-पुनवेला दुपारी उधाणाचं पाणी आत शिरायचं, गुडघाभर चढायचं आणि ओहोटीबरोबर निघून जायचं. ते गेलं की चंद्रावती फडकं घेऊन भिंतीपुढं बसायची. भिंतीतून मीठ फुटायचं, पांढरं, बुरशीसारखं. त्याला आमच्याकडे लोणा म्हणतात. तो लोणा ती हलक्या हातानं पुसून काढायची.

भिंतीवर तिच्या आजानं काढलेलं चित्र होतं.

आजाचं नाव केरू. तो मूळचा रोह्याकडचा, कुंडलिकेच्या वरच्या अंगाला असलेल्या एका भात-वालाच्या गावचा. बाप लहानपणीच गेला, चुलत्यानं मुंबईला कामाला धाडला. तिथं तो एका नाटक कंपनीत पडदे रंगवणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली लागला. सरस उकळायचा, रंग खलायचे, कुंचले धुवायचे. मिस्त्री हळूहळू त्याच्याकडून झाडं काढून घ्यायला लागला, मग ढग, मग राजवाड्याच्या खांबांच्या सावल्या. माणूस काढायची वेळ मात्र कधी आली नाही. पडद्यावर माणसं नसतातच, ती पडद्यापुढं उभी राहून गातात. केरूला माणसंच काढायची होती. पहाटे थिएटरच्या रिकाम्या पिटात उभं राहून तो समोर झोपलेल्या हमालांचे चेहरे कोळशानं पुठ्ठ्यावर काढत बसे.

तापाची मोठी साथ आली त्या वर्षी मिस्त्री मेला आणि कंपनी बसली. केरू गलबतानं धरमतरला उतरला आणि चालत गावी गेला. आई साथीत गेलेली होती. घरात त्याला जेवायला वाढत, पण कोणी बोलत नसे. त्याच सुमारास गावातल्या देवळाला नवा गिलावा होत होता. केरूनं ओल्या चुन्यावरच गेरू, पिवडी, नीळ आणि काजळी लावून देवीची पालखी काढली. पालखीचे भोई म्हणून गावचीच माणसं काढली, ज्याचं त्याला ओळखू येईल अशी. गाव वेडं झालं. मग नागोठण्याकडून बोलावणं आलं, पेणच्या आसपासच्या खेड्यांतून आलं. ज्या देवळाला नवा चुना लागायचा तिथं केरू जायचा, पडवीत राहायचा, गाव देईल ते खायचा आणि भिंत भरून झाली की पुढं निघायचा. अशाच एका फिरतीत शिंपीखारच्या शांतीशी त्याचं लग्न झालं.

त्याची ती दहा-बारा वर्षं बरी गेली. मग काचेच्या फ्रेमीतली छापील चित्रं आली. गुलाबी गालांच्या, रेशमी लुगड्यातल्या देवी बाजारात मिळायला लागल्या. केरूचे देव काळेसावळे, पिंढऱ्यांना चिखल लागलेले. लोकांना छापलेले आवडले, त्यात लोकांचीही चूक नाही. बोलावणी कमी झाली, मग थांबली. दिवाळीत घरांना चुना फासायची कामं तेवढी मिळत. शेवटी केरू बायकोच्या गावी आला आणि मिठागरात उतरला. मिठानं तळपायाला भेगा पडल्या, हाताची कातडी सोलवटली. कुंचला धरायचा हात फावड्याला बसला.

त्यानंतर एका वर्षी बांध फुटला आणि मारुतीच्या देवळाची उजवी भिंत पाण्यानं बसली. गावानं आधी बांध घातला, बाया-पुरुष छातीभर चिखलात उभे राहून. मग देऊळ सावरलं. नवा गिलावा चढला तेव्हा एका म्हाताऱ्याला आठवलं की मिठागरात राबणारा आपला जावई कधीकाळी चितारी होता.

त्या भिंतीवर केरूनं दुसरं काही काढलं नाही. नुकताच घातलेला बांध काढला. खालून वरपर्यंत माणसांची रांग, डोक्यावर चिखलाच्या पाट्या, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणाऱ्या. वर खांडीतून घुसणारं निळं पाणी. आणि रांगेच्या मध्यावर, कोणापेक्षाही मोठा नसलेला, शेपटी कमरेला गुंडाळलेला मारुती. त्याच्याही डोक्यावर पाटी. प्रत्येक माणूस गावातला होता. ज्याला यायचं त्यानं उन्हात येऊन उभं राहायचं, केरू गवताच्या काडीनं त्याचा चेहरा मापायचा. बायका लाजून आल्या नाहीत. शांती तर नाहीच नाही. तिला त्यानं आठवणीनं काढलं: मारुतीच्या मागंच, हिरवं लुगडं खोचलेली, मान जराशी वाकडी. भिंत पुरी झाल्यावर गाव हसलं, "सोताची बायको देवलात लावली गो ह्यानं!" शांती लाजेनं वर्षभर त्या देवळात गेली नाही.

दोन पावसाळ्यांनी केरू खोकत खोकत मिठागराच्या झोपडीत मेला. त्याच्या पोराला, जनूला, तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं. जनू आयुष्यभर मिठागरात राबला. कधी एक रेघ ओढली नाही त्यानं. चंद्रावती जनूची एकुलती एक पोर. म्हणून लग्न होऊनही गावातच राहिली, नवरा इथं आला. शांतीआजीनं हे सगळं तिला भिंतीपुढं बसून सांगितलेलं. आजी म्हातारपणी रोज संध्याकाळी देवळात जायची, मारुतीला हात जोडायची आणि मग उजवीकडे वळून स्वतःकडे बघत राहायची. चंद्रावतीनं एकदा विचारलं होतं, "काय बगतंस गो आजी?" तेव्हा ती म्हणाली, "त्यानं मना अशी बगितलेली, ते मना ठाव नव्हतं."

नवरा गेला, बांध गेला, चंद्रावती मुलाबरोबर पेणला खोलीत राहायला आली. भिंत तेवढी मागं राहिली.

प्रविणला त्या भिंतीचं काही नव्हतं. तो डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे खलाशी होता. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. अवजड यंत्रं, लोखंडाच्या कॉइल क्रेननं उचलून जागेवर बसवणारा माणूस. बेल्ट कुठं बांधायचा, वजनाचा मध्य कुठं, क्रेनवाल्याला बोटांनी इशारा कसा द्यायचा, यात तो हुशार गणला जायचा. आई अवसेला गावी निघाली की म्हणायचा, "मेलेल्या माणसांचं चित्र ते. पुसून काय जिती व्हनार हायेत?" पण गाडीवरून फाट्यापर्यंत सोडायचा.

मग नम्रता आली. ठाण्याची मुलगी, जुन्या भिंतीचित्रांचा अभ्यास करणारी. कोणीतरी फोनवर काढलेला फोटो फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला होता. ती दिवसभर भिंतीपुढं होती. फोटो काढले, नखानं गिलावा ठोकून ऐकला, चंद्रावतीकडून केरूची सगळी हकिकत ऐकून घेतली. प्रविणनंच तिला फाट्यावरून आणलं होतं आणि तो दाराशी गाडीला टेकून उभा होता.

"मावशी, हे ओल्या चुन्यावरचं काम आहे," नम्रता म्हणाली. "रंग आत मुरलाय, म्हणून इतकी वर्षं टिकला. पण आता मीठ आतून वर येतंय. तुम्ही हे पुसता ना?"

"पुसते ना. दर अवसे-पुनवेला. एक चुकवली नाय."

नम्रतानं कॅमेरा खाली ठेवला. मग म्हणाली, "पुसू नका यापुढं. मिठाचा कण बाहेर येताना रंगाला चिकटून येतो. मीठ पुसलं की रंगही जातो."

चंद्रावतीनं हातातल्या फडक्याकडे पाहिलं. फडक्यावर लालसर डाग असायचे, ते तिला माहीत होतं. ती धूळ समजायची. घरी नेऊन धुवून टाकायची.

"म्हंजे मीच पुसला त्याला?"

"असं नका म्हणू. तुम्ही नसतात तर देऊळच राहिलं नसतं." पण मुलगी खरी होती, असा धीर देताना तिला नजर चुकवावी लागत होती.

"मग करू काय?"

"मी अर्ज करते. परवानगी, पैसे, तज्ज्ञ माणसं, वेळ लागेल. भिंत कापून दुसरीकडे नेता येते. पण ते शिकलेल्या माणसांचं काम आहे, मावशी. पुढून कापड चिकटवून, मागून आधार देऊन, महिनोन्‌महिने हळूहळू करतात. मला एकटीला नाही जमणार."

चंद्रावतीनं पुसणं सोडलं. तरी ती जायची, नुसती बसायची. लोणा वाढत वाढत गेला. खालच्या रांगेतल्या माणसांची पावलं गेली, मग पिंढऱ्या. कापसासारखा फुगवटा यायचा आणि एक दिवस गिलाव्याची खपली गळून पाण्यात पडायची. नम्रताचा फोन यायचा, काम पुढं सरकतंय म्हणायची. बिचारी खरंच खटपट करत होती. वर्ष गेलं.

एका रविवारी चंद्रावती प्रविणला म्हणाली, "मना रोह्याला नेशील? आजाच्या गावी. तिकडची पालखी असंल अजून भिंतीवर. ती बगितली म्हंजे ही गेली तरी चालंल मना."

प्रविणनं नेलं. पेणकडची केरूची देवळं केव्हाच नवी झालेली; वाटेत नागोठण्याला थांबले. तिथलं देऊळ अंबा नदीच्या पुरानं केव्हाच पाडलं होतं, त्या जागी सिमेंटचं उभं होतं. रोह्याच्या पुढं नदीकाठानं वर गेल्यावर केरूचं गाव आलं. देऊळ चकचकीत. भिंतींना खालपासून छतापर्यंत टाइल्स, टाइल्सवर देणगीदारांची नावं. पायरीवर दत्तात्रेय नावाचे एक म्हातारे वाल सोलत बसले होते. देवळाची दिवाबत्ती त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती.

"पालखी?" त्यांचा चेहरा उजळला. "होती तर. ह्या अंगाला. भोई असे उभे, एकाचा पाय उचललेला. मीच खरवडली ती."

चंद्रावतीला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"खरवडली. टाइलचा सिमेंट चुन्यावर धरत नव्हता ना. आम्ही चार पोरं होतो, छिन्नी घेऊन लागलो. लय चिवट काम होतं गो. कोणी केलेलं काय ठाव."

"माझ्या आजानं. केरूनं. तो तुमच्याच गावचा."

म्हाताऱ्यांनी मनापासून आठवून पाहिलं. हातातली वालाची शेंग तशीच राहिली. "केरू... नाय गो बाय. ह्या गावात केरू चितारी कोण नव्हता. मी ऐकलेला नाय." मग ओशाळल्यासारखे होऊन म्हणाले, "लांबून आलाव. जेवल्याशिवाय जायचं नाय."

त्यांच्या घरी दोघं जेवली. बिरडं होतं, तांदळाची भाकरी होती. सून आग्रह करून वाढत होती. चंद्रावतीनं ताटात काही टाकलं नाही, सगळं खाल्लं, ताट स्वतः विसळून ठेवलं. परतीच्या वाटेवर वाकण फाटा मागं गेला. तेव्हा ती प्रविणच्या खांद्यामागून एवढंच म्हणाली, "आता एकच राहिली."

प्रविणनं ठरवलं ते बहुधा तिथंच.

"आये, मी काढतो ती भिंत," चार दिवसांनी तो म्हणाला. "पावसाच्या आधी. मे महिन्यात जमीन कडक हाय, हायड्रा आत जाईल. सुशीलचा सोताचा हायड्रा हाय, तो येतो म्हनतो." हायड्रा म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन.

"ती पोर म्हनाली शिकलेली मानसं लागतात."

"आन मी काय हाय? कॉइल उचलतो मी, भिंतीपेक्षा जड. आजपर्यंत एक लोड पडू दिला नाय. माझं पन शिक्षनच हाय ते."

भूमिका, प्रविणची बायको, पोह्याच्या पापडांच्या लाट्या करत होती. ती म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी घरी बसा की जरा." कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

चंद्रावतीनं नको म्हणायला हवं होतं. तेवढा अंदाज तिला होता. पण मुलगा पहिल्यांदाच त्या भिंतीबद्दल आपण होऊन बोलत होता, आणि त्याच्या आवाजात कळकळ होती. ती म्हणाली, "सगली नको. आजी तेवढी काढशील? आजी आन मारुती?"

रविवारी सकाळी ओहोटी होती. प्रविण, सुशील आणि कटर चालवणारा निकेश असे तिघं. हायड्राची चाकं रुतू नयेत म्हणून वाटेवर लोखंडी प्लेटी टाकल्या. माळावरच्या वस्तीतली माणसं बघायला उतरली. प्रविणनं काम नीटच केलं होतं. छप्पर आधीच काढून ठेवलेलं. चित्रापुढं गादी, गादीवर प्लायवूड, भोवती लोखंडी अँगलची चौकट. वजनाचा अंदाज त्यानं दोनदा केला. निकेशनं दोन्ही बाजूंनी आणि खालून कापत आणलं, तसतसे चौकटीचे नट आवळत गेले. दरवाजाएवढा तुकडा. धुळीनं सगळे पांढरे झाले होते. चंद्रावती लांब, जुन्या पिंपळाच्या पाराजवळ उभी होती. प्रविणनंच तिला तिथून पुढं यायचं नाही अशी तंबी दिली होती.

त्यानं बोट वर केलं आणि हळूहळू फिरवलं. हायड्राची साखळी ताणली गेली. तुकडा भिंतीतून सुटला आणि वर आला, हातभर, मग कमरेएवढा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गादी एका बाजूनं जराशी सरकली होती आणि तिथून हिरव्या लुगड्याचा काठ उन्हात दिसला. त्या भिंतीवर कधीच ऊन पडलं नव्हतं. हिरवा रंग इतका हिरवा आहे हे चंद्रावतीला त्या दिवशी कळलं.

मग चौकटीच्या तळातून काहीतरी गळायला लागलं.

ती भिंत अखंड दगडाची नव्हती. दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये माती भरलेली, जुन्या पद्धतीची. एवढ्या वर्षांच्या उधाणांनी ती माती आतल्या आत भिजून चिखल झाली होती. वरून ठोकलं तर टणक वाजायची. प्रविणनं बाजूंनी बांधलं होतं, खाली आधाराला लोखंडी चॅनेल घातलं होतं. मधलं पोट रिकामं होईल हे त्याच्या हिशेबात नव्हतं. फाटक्या पोत्यातून भात सांडावं तशी माती सांडायला लागली. मागचे दगड एकेक करून निसटले. चौकट तशीच टांगलेली होती आणि तिच्या आतली भिंत आकसत होती.

"खाली घे! सावकाश खाली घे!" प्रविण ओरडला. सुशीलनं खाली घ्यायला सुरुवात केली. पुढचा गिलावा, रंगाचा तो पापुद्रा, आता मागं काही नसल्यानं वाकला आणि गादीवरून घसरायला लागला.

उचललेल्या वजनाखाली हात घालायचा नाही, हे खलाशाला पहिल्या दिवशी शिकवतात. प्रविण नव्या पोरांना स्वतः शिकवायचा. चुकलं तर कानाखाली वाजवायचा. त्यानं दोन्ही हात खाली घातले.

गिलावा त्याच्या हातात आला, क्षणभर राहिला आणि तुटला. त्यामागून शेवटचा दगड आला.

चंद्रावती धावत पोचली तेव्हा प्रविण गुडघ्यांवर बसला होता आणि उजवा हात डाव्या हातात धरून त्याकडे बघत होता. त्याच्या शर्टावर, मांड्यांवर, सगळीकडे हिरवा-लाल चुरा होता. रक्त कुठलं आणि गेरू कुठला ते कळत नव्हतं. "आये," तो म्हणाला, "आये, धरलेली मी. खरंच धरलेली." ती त्याला म्हणत राहिली, "राहू दे रे. राहू दे. राहू दे."

पेणहून मुंबईला नेलं. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं काढावी लागली.

ठेकेदार भेटायला आला, शहाळी घेऊन. बरा झालास की ये म्हणाला. प्रविण बरा होऊन गेला तेव्हा ठेकेदारानंच समजावलं, की क्रेनवाल्याला इशारे बोटांनी द्यायचे असतात, बेल्टाची गाठ बोटांनी आवळायची असते. त्याचं बोलणं चूक नव्हतं. दुसरं काही बघतो म्हणाला. नंतर फोन उचलेनासा झाला.

भूमिका भांडणारी नव्हती. ती आता दुप्पट पापड लाटत होती. एक दिवस लाटता लाटताच, मान वर न करता म्हणाली, "आई, तुमच्या भिंतीनं माझ्या मानसाची बोटं खाल्ली."

"व्हय," चंद्रावती म्हणाली. दुसरं काही खरं नव्हतं.

नम्रताला बातमी कळली तेव्हा ती खोलीवर आली. प्रविणसमोर बसली आणि रडली. त्याला चूक म्हणाली नाही. आपण काढलेले फोटो मोठे छापून देते, नव्या देवळात लावा, असं म्हणाली. दिलेही तिनं. माळावरच्या लोकांनी ते फ्लेक्सवर छापून घेतले, रेलिंगच्या मागं बांधले. चंद्रावती एकदा गेली बघायला. फ्लेक्सवर शांतीआजी होती, मान वाकडी, पाटी डोक्यावर, सगळं होतं. चंद्रावती पुष्कळ वेळ तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. काही झालं नाही. फोटोतला लोणा तेवढा नजरेत भरत होता. पुजाऱ्यानं हातावर साखर दिली, ती खाऊन ती उतरली. पुढच्या गणपतीत त्याच्यावर मंडळाच्या शुभेच्छांचा दुसरा फ्लेक्स आला.

आता अवसे-पुनवेलाही ती बाजारात असते. मैना आता थट्टा करत नाही. प्रविण सकाळी तिची पाटी ओट्यापर्यंत आणून ठेवतो, डाव्या हातानं. मग स्टँडपाशी जाऊन बसतो. कधी रिक्षा चालवायचं म्हणतो, कधी गोदामावर वॉचमनची जागा आहे म्हणतो. दुपारी परत येतो तेव्हा त्याला कोणी काही विचारत नाही.

श्रावणातल्या मोठ्या उधाणाच्या दिवशी तो असाच दुपारी आला. पाऊस सकाळपासून थांबला नव्हता, बाजारात गिऱ्हाईक नव्हतं. चंद्रावती उरलेली कोलंबी सोलत होती. घरी न्यायची, नाहीतर सुकवायची. तो तिच्या बाजूला पाट ओढून बसला. मूठभर कोलंबी त्यानंही पुढं ओढली. उजव्या हातात शेपूट धरायला गेला, ती निसटली. पुन्हा धरली. पुन्हा निसटली. चंद्रावतीला वाटलं हातातून काढून घ्यावी. तिनं घेतली नाही.

"वस्तीवरनं निकेशचा फोन आलेला," तो म्हणाला. "उरलेली भिंत पन बसली. मगाशी, भरतीला."

चंद्रावती सोलत राहिली.

"आये, ऐकलंस काय?"

"ऐकलं."

"जायचं बगायला? गाडी आनतो."

"नको," ती म्हणाली. "काय बगायचं हाय तिथं? पानी असंल."

प्रविण मान खाली घालून बसला. त्याच्या बोटांतली कोलंबी चिरडून गेली होती. त्यानं ती पाटाच्या कडेला पुसली आणि दुसरी उचलली. बर्फवाल्यानं दुकानावर ताडपत्री ओढली. पाऊस वाढला होता. मायलेक तशीच, कोणी कोणाकडे न बघता, पुढ्यातली कोलंबी संपेपर्यंत सोलत बसली.